माननीय, जरा दमानं!

प्रति,
अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर आणि मधल्या सर्व स्थानकांवरून निवडून आलेले सन्माननीय नगरसेवक,
बृहन्मुंबई महानगरपालिका.

विषय : सभागृहातील शिस्त व सौजन्याबाबत.
संदर्भ : ८ मार्च २०२२ पासूनची शांतता.

महोदय, महोदया,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, १५ जानेवारी २०२६ च्या मतदानातून आपण निवडून आलात आणि आमच्या शांततेचा भंग झाला. त्याआधीची जवळपास चार वर्षं फार सुखाची गेली. जुन्या सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली, दुसऱ्या दिवसापासून आयुक्तच प्रशासक झाले आणि पालिकेत असं काही सौजन्य नांदू लागलं की विचारू नका. सभात्याग नाही, घोषणा नाहीत, हौद्यात धाव नाही, विषयपत्रिकांच्या चिंध्या नाहीत. प्रशासक मुंबईने १९८४-८५ मध्येही पाहिला होता, पण तो वर्षभराचा मामला. या वेळी २२७ प्रभागांचे २३६ आणि २३६ चे पुन्हा २२७ करण्यात, शिवाय ओबीसी आरक्षणाच्या सुनावण्यांत एवढा काळ गेला की ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितलं, तेव्हा कुठे हालचाल झाली. तुमचा आवाज बंद ठेवायला सरकारं, न्यायालयं, आयोग असे सगळे राबले. एवढा मान कुणाला मिळतो?

सौजन्याचा कळस पाहायचा तर अर्थसंकल्पाचा दिवस पाहावा. एरवी आयुक्त अर्थसंकल्प स्थायी समितीच्या अध्यक्षांना सादर करायचे, मग भाषणं, कोपरखळ्या, उपसूचना, आणि 'माझ्या वॉर्डाला काय दिलं?' हा सनातन प्रश्न. २०२५-२६ चा ७४,४२७ कोटी रुपयांचा अर्थसंकल्प मात्र अतिरिक्त आयुक्तांनी आयुक्त तथा प्रशासकांना सादर केला. एका साहेबांनी दिला, दुसऱ्या साहेबांनी घेतला, फोटो निघाला. प्रस्ताव ठेवणार प्रशासन, मंजूर करणार प्रशासक. हरकतीचा मुद्दा घेणार कोण? घरच्या घरी लग्न, वऱ्हाडच नाही, तर रुसायला कोण बसलंय!

अंधेरीकरांना याच काळात एक देखणा नमुना मिळाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झालेला गोखले पूल फेब्रुवारी २०२४ मध्ये अर्धा खुला झाला, आणि पाहतो तर काय, शेजारच्या बर्फीवाला पुलाशी त्याची उंचीच जुळेना. एक पूल वर, एक खाली. दोन्ही पालिकेच्याच ताब्यातले. जोडायला जुलै उजाडला. मागच्या कुठल्याही सभागृहात असा विषय आला असता तर एखाद्या माननीयांनी शिडी खांद्यावर टाकून प्रवेश केला असता आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो छापून आला असता. विषय वाया गेला. शिडीही वाचली म्हणा.

घाटकोपरचं मात्र हसत हसत लिहिता येत नाही. १३ मे २०२४ च्या वादळात छेडा नगरच्या पेट्रोल पंपावर महाकाय जाहिरात फलक कोसळला आणि १७ जणांचा जीव गेला. परवानगी कुणाची, जमीन कुणाची, आकार कुणी मोजला, हे सगळं वर्तमानपत्रांतून, पोलिसांकडून, चौकशीतून कळत राहिलं. पालिकेत प्रश्न विचारायला सभागृहच नव्हतं. दिवंगतांना श्रद्धांजली वाहून सभा तहकूब करण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. त्या आठवड्यात तहकूब करायलाही सभा नव्हती.

म्हणून, महोदय, तुमचा आवाज आम्हाला खटकतो असं कृपया समजू नका. २२७ पैकी १७१ जण तुम्ही उपनगरांतले. ठरवलंत तर सगळं सभागृह डोक्यावर घ्याल. प्रश्न एवढाच की ते कधी घ्यायचं.

उपनगरातल्या एका विभाग कार्यालयात प्रभाग समितीची सभा मागे एकदा जवळून पाहिली होती. विषय पर्जन्य जलवाहिनीचा, म्हणजे आमच्या गटाराचा. एका माननीयांनी प्रश्न विचारला, ठणकावून विचारला, अगदी मुद्द्याचा विचारला: गाळ काढल्याची नोंद आहे, मग पहिल्याच पावसात पाणी दुकानांत कसं शिरलं? दुय्यम अभियंत्यांनी फाईल उघडली, चष्मा चढवला, "साहेब, त्याचं असं आहे की" एवढं म्हणाले. तेवढ्यात समोरच्या पक्षाचे माननीय उभे राहिले, कारण पहिल्यांनी 'काही लोक' म्हणताना त्यांच्याकडे पाहिलं होतं. पाहिलं की नाही यावर चर्चा सुरू झाली. माइक ओढले गेले, कुणाचा तरी चहा सांडला. त्या गदारोळात अध्यक्ष पुढचे विषय क्रमांक वाचत "मंजूर, मंजूर" म्हणत सुटले. अभियंत्यांनी हळूच फाईल मिटली. त्यांच्या चेहऱ्यावरची ती प्रसन्नता मी जन्मात विसरणार नाही.

गोंधळाचा खरा लाभार्थी कोण, हे त्या दिवशी कळलं. ज्याला उत्तर द्यायचं नसतं त्याला तुमच्या आरडाओरड्याची फार मदत होते. म्हणूनच 'गोंधळात प्रस्ताव मंजूर' ही ओळ आमच्या पेपरांत वर्षानुवर्षं तशीच छापली जाते. फक्त वरची तारीख बदलते.

शिस्तीचे नियम नाहीत असंही नाही. १८८८ च्या पालिका कायद्याच्या ३६व्या कलमाप्रमाणे पीठासीन अधिकारी बेशिस्त सदस्याला त्या दिवसापुरतं बाहेर काढू शकतात. पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा ती वेळ आली तर पंधरा दिवसांपर्यंत निलंबनही करता येतं. पण आपल्याकडे बाहेर काढलेल्याचीच पत्रकार परिषद मोठी होते. डिसेंबर २०२० मध्ये इंग्लंडमधल्या हँडफोर्थ गावच्या पॅरिश कौन्सिलची झूमवर सभा भरली, तेव्हा जॅकी वीव्हर नावाच्या बाईंनी हुज्जत घालणाऱ्या अध्यक्षांनाच सभेबाहेर काढलं आणि सभा पुढे चालवली. चित्रफीत जगभर पाहिली गेली. आपल्याकडे असं बटण बसवलं तर आधी त्याच्या निविदेवरून गोंधळ होईल.

जाता जाता आणखी एक. ११४ जागा महिलांसाठी राखीव आहेत. बाई बोलायला उठल्या की मागून "ताई, बसा" म्हणण्याची जी घाई होते, ती सौजन्यात मोडत नाही. आणि ताईंच्या खुर्चीत बसून विभाग कार्यालयात सह्यांची चौकशी करणारे पतिराज तर कुठल्याच कलमात मोडत नाहीत. मतपत्रिकेवर त्यांचं नाव नव्हतं.

तरी आपणांस विनंती करण्यात येते की प्रश्न हवा तेवढ्या मोठ्याने विचारा, हौद्यात उतरा, फलक फडकवा. फक्त अधिकारी उत्तर द्यायला उभा राहिला की सगळ्या पक्षांनी मिळून गप्प बसा. त्याला वाक्य पूर्ण करू द्या, चिटणिसांना ते इतिवृत्तात लिहून घेऊ द्या, आणि पुढच्या सभेत तेच इतिवृत्त काढून त्याच्यासमोर ठेवा. गटाराचा विषय अजून प्रलंबित आहे.

आपला,
एक करदाता मतदार,
मुलुंड (पूर्व)