नॅम्बी-पॅम्बी

फाटकात गाडी लावून वाट अडवणाऱ्या सभासदांसाठी मी सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने एक सूचना लिहिली. ‘शक्य असल्यास व फारशी गैरसोय होत नसल्यास, वाहन किंचित बाजूला लावण्याचा विचार व्हावा, ही नम्र विनंती.’ चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त कर्नलसाहेबांनी ती फलकासमोर उभं राहून मोठ्यानं वाचली आणि म्हणाले, “सेक्रेटरीसाहेब, फारच नॅम्बी-पॅम्बी आहे हो!”

शब्द कानाला इतका गोड, की मी “थँक्यू” म्हणून मोकळा झालो.

घरी येऊन शब्दकोश उघडला. मिळमिळीत, गुळमुळीत, पुळचट. बायको म्हणाली, “मग बरोबरच आहे की.”

मला वाटलं होतं, हा आपल्या चहाबिहा, पुस्तकबिस्तक यांचा विलायती चुलतभाऊ असावा. पण तो निघाला चक्क एक माणूस! अँब्रोज फिलिप्स, इंग्लंडातला कवी. बड्या घरच्या लेकरांवर तो लाडिक, दुडदुडत्या चालीच्या कविता करी. 1724 साली आईच्या कडेवरच्या शार्लट पुल्टनी या चिमुरडीवरही एक केली. बाळ समोर आलं की भल्याभल्यांचं व्याकरण रांगायला लागतं. आपलं घरातल्या घरात राहतं, फिलिप्सचं छापून आलं. पुढच्याच वर्षी हेन्री केरी या कवीनं त्याच चालीत त्याची टर उडवणारी कविता लिहिली. अँब्रोजचं लाडाचं अँबी, त्यामागे ‘न’ लावून नॅम्बी, आणि आडनावातला ‘प’ उचलून पॅम्बी. बारशाला बाळं होती, नाव मात्र कवीचं ठेवलं गेलं. पुढे त्या नावाचं विशेषण झालं आणि तीनशे वर्षांनी ते माझ्या सूचनेवर येऊन बसलं.

पण या पुळचट गृहस्थाची दुसरी गोष्ट ऐका. 1709 साली एकाच संग्रहात फिलिप्सची आणि अलेक्झांडर पोपची, अशा दोघांची गोपगीतं आली. लोक फिलिप्सचं कौतुक करू लागले आणि पोपच्या पोटात दुखलं. 1713 साली ‘गार्डियन’ नावाच्या तेव्हाच्या पत्रात त्यानं निनावी लेख लिहिला. फिलिप्सच्या पडेल ओळी निवडून त्यांची आरती ओवाळली आणि शेजारी स्वतःच्या झकास ओळी ठेवून त्यांना नाकं मुरडली. शाळेत व्याजस्तुती अलंकाराला याहून चांगलं उदाहरण आम्हाला कुणी दिलं नाही. फिलिप्सनं यावर काय करावं? फिलिप्सचं चरित्र लिहिणारे डॉ. जॉन्सन सांगतात, त्यानं लंडनच्या बटन्स कॉफीहाउसात एक छडी टांगली, पोप आला की त्याला फोडून काढायला! पोप जेमतेम साडेचार फुटांचा, हे खरं. पण छडी ती छडीच. तरी भाषेनं लक्षात काय ठेवलं, तर दुडदुडगाणी.

मला स्फुरण चढलं. वॉचमनची जादा काठी मागून घेतली आणि रात्री सूचनेशेजारी खिळ्याला टांगली. मजकुराला हात लावला नाही. काठी पुरेशी बोलकी होती.

सकाळी गाडी जागच्या जागी होती. काठी मात्र गायब. जिन्यात कुणीतरी सांगितलं, दुसऱ्या मजल्यावर जळमटं काढणं चाललंय.

संध्याकाळी मी फलकावर नवीन सूचना लावली: ‘काठी कोणी नेली असल्यास, काम आटोपल्यावर सवडीने जागेवर ठेवण्याचा विचार व्हावा, ही नम्र विनंती.’