गुण आला, पण कुणाचा?

अहो वहिनी, जरा अलीकडे या, या मेंदीच्या कडेला. मोठ्यानं बोलायची सोय नाही, सासूबाई ओट्यावरच शेंगा फोडत बसल्यात. तुम्ही परवा विचारत होता ना, आमच्या धाकट्या जाऊबाई हल्ली भरदुपारी बाहेर कशा दिसतात म्हणून? त्यांची अर्धशिशी उतरलीय. गेली नाही हो, उतरलीय. आधी निम्मा महिना दार लावून, कपाळाला ओढणी आवळून पडायच्या, ते आता महिन्याकाठी एखाद-दुसऱ्या दिवसावर आलंय. गोष्ट आनंदाचीच. पण गुण कुणाचा आला, यावरनं घरात जे महाभारत चाललंय ना, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला भाकरी गोड लागायची नाही.

सासूबाई म्हणतात, आम्ही डोकं उतरवून आणलं म्हणून. जाऊबाईंच्या आई म्हणतात, जिलेबीमुळं. दीर म्हणतात, बारामतीच्या डॉक्टरांची फी मी भरलीय, उगाच दुसऱ्याचं नाव घेऊ नका. वैद्यबुवा काही बोलत नाहीत, पण मिशीतल्या मिशीत हसतात. आणि शाळेतल्या योगाच्या बाई! त्या तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, बघा, माझी विद्यार्थिनी.

सुरुवात पित्तापासनं झाली. आपल्याकडं डोकं दुखलं की पहिलं नाव पित्ताचंच. का, तर उलटी झाली की डोकं हलकं होतं. मग आवळा झाला, कोकम झालं, थंड दूध झालं. माझी भाची बारामतीला नर्सिंगला आहे ना, ती म्हणाली, मावशी, पित्तानं डोकं दुखत नाही, डोकं उठलं की पोट बंद पडतं. पोटातलं पुढं सरकतच नाही, म्हणून मळमळ. आणि म्हणूनच डोकं पार चढल्यावर घेतलेली गोळी पोटातच बसून राहते, लागू पडत नाही. गोळी घ्यायची तर सुरुवातीलाच. पित्तानंतर सायनस झाला, चष्म्याचा नंबर झाला, मानेचा पट्टा झाला. पट्टा तेवढा अजून खुंटीला आहे.

मग त्यांच्या आई आल्या लासुर्ण्याहून, जिलेबी घेऊन. सूर्य उगवायच्या आत, पूर्वेला तोंड करून, कुणाशी न बोलता दूध-जिलेबी खायची. आता पहाटे कुठला हलवाई कढई चढवतो? म्हणून जिलेबी आदल्या रात्रीची. स्टीलच्या वाटीत दूध पार केशरी झालेलं, वर तुपाचे डोळे, आणि जाऊबाई उंबऱ्यात उकिडव्या बसून ते रप्पक रप्पक गिळतायत. साखरेच्या गावात राहून साखरेचं औषध घ्यायचं म्हणजे! पण हसू नका. उपाशी पोटी डोकं उठणाऱ्या बाईच्या पोटात पहाटे पहाटे काहीतरी पडत होतं, हे काही वाईट नव्हतं.

सॅरिडॉन? नाव कशाला घेता, कुठलीही असो, किराणा दुकानातली डोकेदुखीची गोळी. खरी मेख तिथंच होती. दिवाळीला शेवयांचा डबा काढला तर आत शेवया मूठभर आणि रिकामी पाकिटं ही एवढी! बाईनं टाकलीसुद्धा नव्हती, दिसतील म्हणून. बारामतीच्या डॉक्टरांनी ना मशीन लावलं ना काही, पहिलाच प्रश्न केला, महिन्यात गोळ्या किती दिवस घेता? साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, आणि दोन-तीन औषधांची मिश्र गोळी १० दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की गोळीच डोकं दुखवायला लागते. गोळी उतरली की डोकं चढतं, म्हणून परत गोळी. सगळ्या बंद केल्या. वहिनी, ते पहिले दिवस आठवले तरी नको वाटतं. आधीपेक्षा दुप्पट दुखलं. दीर म्हणायला लागले, डॉक्टर बदलू. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून निभावलं.

मग रोजची गोळी दिली, प्रोप्रानोलॉल. ती ब्लडप्रेशरचीच, पण अर्धशिशीचे झटके कमी करते. आधी दमा आहे का ते विचारून घेतलं, दमेकऱ्याला चालत नाही. आणि डोकं उठताक्षणी घ्यायची वेगळी, सुमाट्रिप्टन, तीही मोजून. हृदयाचं दुखणं असेल तर ती नाही. दिरांना तेव्हापासनं औषधशास्त्राचं वेड लागलंय. परवा जेवताना सांगत होते, पूर्वीची अर्धशिशीची गोळी म्हणे बुरशीपासनं काढलेली. आपल्या बाजरीवर अरगट पडतो ना, त्याच कुळातली बुरशी तिकडं राय नावाच्या धान्यावर पडते. तिच्यातनं १९१८ साली स्वित्झर्लंडमध्ये एर्गोटामाइन वेगळं केलं. ते रक्तवाहिन्या आवळतं, जास्त झालं तर हातापायाची बोटं काळी पडतात. मी म्हटलं, भाऊजी, आधी भाकरी खाऊ द्या, बाजरीचीच आहे.

सी. टी. स्कॅन? नाही केला. सासूबाईंना तेच खटकलं, एवढी फी घेतली आणि फोटोसुद्धा नाही. भाची म्हणते, दुखणं वर्षानुवर्षं त्याच नमुन्याचं असेल तर बहुतेकदा लागत नाही. पण पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालं, किंवा एकदम डोकं फुटल्यासारखं झालं, हात नाहीतर पाय लुळा पडला, तापाबरोबर मान ताठली, तर मग जिलेबी नाही नि लेप नाही, सरळ गाडी काढायची.

वैद्यबुवांचं मला पटलं बाई. चरकसंहितेत अर्धावभेदक म्हणून हेच दुखणं लिहून ठेवलंय म्हणाले. नाकात तुपाचं नस्य दिलं, काढा दिला, आणि डॉक्टरांची गोळी बंद करा असं चुकूनही म्हणाले नाहीत. उलट बजावलं, जागरण नको, भूक मारू नका, ऊन टाळा. पण मध्ये एक पुडीवाला गाठला होता दिरांनी. बिननावाची पांढरी पुडी, दोन दिवसांत डोकं गार! भाचीनं ती पुडी मोरीत ओतली. असल्या पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड घातलेलं असतं म्हणाली. २००८ साली अमेरिकेत छापून आलं, इंटरनेटवर विकली जाणारी आयुर्वेदिक म्हणून १९३ औषधं तपासली, तर पाचात एकात शिसं, पारा नाहीतर आर्सेनिक निघालं. पुडीवाल्यावर भाचीपेक्षा वैद्यबुवाच जास्त भडकले. त्यांच्या पोटावर पाय येतो ना.

योगाच्या बाईंचंही अगदीच खोटं नाही. दिल्लीच्या एम्समध्ये प्रयोग झाला, २०२० साली छापून आला. निम्म्यांना नुसती औषधं, निम्म्यांना औषधं आणि वर योगासनं. तीन महिन्यांनी योगवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं. बाई हे सगळं सांगतात, फक्त ‘औषधं आणि वर’ एवढं गाळतात.

आता तुमच्या उपयोगाचं सांगते. तुमचं शनिवारी डोकं धरतं ना? आणि तुम्ही न्हाता कधी? शुक्रवारी! मुंबईचे डोकेदुखीचे डॉक्टर के. रविशंकर, त्यांनी २००६ साली ९४ पेशंटांचं लिहिलंय, डोक्यावरून न्हायलं की अर्धशिशी उठणाऱ्यांचं. तिकडच्या साहेबांच्या यादीत हे नव्हतंच म्हणे. नसणारच. आपल्यासारखे कमरेएवढे केस, ते ओलेच बांधून चुलीपुढं बसणं, हे त्यांना कुठलं माहीत? जाऊबाई आता सकाळी लवकर न्हातात आणि केस कोरडे होईपर्यंत बांधत नाहीत. सासूबाईंना ते आवडत नाही, मोकळ्या केसांनी घरात फिरते म्हणून. पण बोलत नाहीत.

का बोलत नाहीत, तेच तर सांगायचंय. जरा आणखी जवळ या.

जाऊबाईंनी वर्षभर कालनिर्णयवर डोकेदुखीच्या दिवसाला लाल टिकली केली. डॉक्टरांनीच सांगितलं होतं. सासूबाईंना वाटायचं दुधाचा खाडा. वर्षाची पानं पुढं मांडली तर उघड्यावर पडलं सगळं. संकष्टी आली की टिकली. चंद्रोदय रात्रीचा, तोवर पोटात चहाशिवाय काही नाही. वटसावित्री, टिकली. पालखीच्या वेळी तर लागोपाठ. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण बघायला गेल्या, उन्हात उभ्या राहिल्या, घरी येईस्तोवर एका डोळ्यापुढं करवतीच्या दात्यांसारख्या झगमगत्या रेघा. मग आपल्या सणसरला पालखी मुक्कामाला, वारकऱ्यांचा स्वयंपाक, रात्रभर जागरण. डॉक्टर म्हणाले, उपास बंद. हे सासूबाईंना सांगणार कोण? दिरांनी एकदा तोंड उघडलं तर त्या म्हणाल्या, डॉक्टरला काय जातंय, त्याच्या घरी देवघर आहे का?

मग निघाली ती मंत्रवाल्याची टूम. सासूबाईंचीच. रविवारी सूर्योदयाआधी नेलं. त्यानं सुरीची चपटी बाजू कपाळाला टेकवली, काहीतरी पुटपुटला, जमिनीवर रेघा मारून त्या खोडल्या, नारळ घेतला. आणि मग पथ्य सांगितलं. वर्षभर संकष्टी करायची नाही. उन्हात उभं राहायचं नाही. न्हायल्यावर केस बांधायचे नाहीत. सूर्य माथ्यावर यायच्या आत जेवायचं. मोडलं तर दुखणं दुप्पट होऊन परत येईल. सासूबाईंनी हात जोडले. त्या दिवसापासनं घरात साडेअकराला पहिलं ताट जाऊबाईंचं वाढतात, स्वतः.

आता मला सांगा, त्या बाबाला हे सगळं इतकं बिनचूक कसं सुचलं? जाऊबाईंनी आदल्या दिवशी निरोप धाडला होता, पन्नासाची नोट आणि कागदावर यादी. माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. दिरांनाही नाही. भाचीला सांगितलं तर ती पोट धरून हसली. वर म्हणाली, यातल्या कशाचा गुण ते तरी कसं कळणार, सगळं एकात एक सुरू केलंत. आणि माणूस नवा उपाय धरतो कधी? दुखणं शिगेला पोचल्यावर. तिथनं ते जरा खाली येतंच, की श्रेय घ्यायला हजर. तिचं म्हणाल तर पाकिटं थांबली आणि ताट वेळेवर आलं, या दोन्हींना ती आधी मान देते. मलाही तसंच वाटतं. पण रोजची गोळी बंद करून बघायची हिंमत मात्र आमच्यात कुणाची नाही.

बघितलंत, सासूबाई इकडंच बघतायत. त्यांच्या मनात काय आहे सांगू? तुम्हाला नेणार आहेत त्या बाबाकडं, येत्या रविवारी. नाही म्हणू नका, जा. फक्त शनिवारी संध्याकाळपर्यंत जाऊबाईंना सांगून ठेवा, तुमच्या घरी तुमचं काय काय बंद करून घ्यायचंय ते.