यवतमाळ जिल्ह्यातील पर्वतीय सरोवरे : जलतरण, पदभ्रमण व सायकलस्वारी यांविषयी काही शास्त्रशुद्ध सूचना

पर्वतीय सरोवराच्या काठी पोहणे, चालणे व सायकल चालविणे या तिन्ही सुखांसाठी स्वित्झर्लंड गाठावे लागते, असा समज सुशिक्षित वर्गात रूढ आहे. परंतु जिनिव्हाच्या सरोवराचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून अवघ्या ३७२ मीटर उंचीवर असून यवतमाळ शहर सुमारे ४५० मीटर उंचीवर वसलेले आहे, ही गोष्ट लक्षात घेतली असता निदान उंचीच्या बाबतीत तरी यवतमाळकराने कोणापुढे संकोचावे असे काही उरत नाही. हिमाच्छादित शिखरांची उणीव अजिंठ्याच्या डोंगररांगेचे फाटे व त्यांवरील सागाची झाडे यांनी भरून काढावी, अशी अपेक्षा आहे. ती झाडे उन्हाळ्यात निष्पर्ण होतात, त्यामुळे सावलीची अपेक्षा मात्र ठेवू नये.

युरोपातील अशी सरोवरे बहुधा हिमनद्यांनी कोरलेली असतात, तर यवतमाळची पाटबंधारे खात्याने बांधलेली आहेत. शहराजवळील निळोणा व चापडोह, बाभूळगाव तालुक्यातील बेंबळा, दिग्रसजवळची अरुणावती, केळापूर तालुक्यातील सायखेडा आणि डोंगरांनी वेढलेल्या पुसद परिसरातील पूस, ही त्यांपैकी प्रमुख होत. (पुसद हा १९६३ ते १९७५ या काळात मुख्यमंत्री राहिलेल्या वसंतराव नाईक यांचा तालुका, त्यामुळे तेथे धरण का झाले हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.) हिमनदीला सरोवर घडविण्यास हजारो वर्षे लागतात, पाटबंधारे खात्याला, सुधारित प्रशासकीय मान्यता जमेस धरूनही, त्याहून कमी वेळ पुरतो.

या सरोवरांचे खरे वैशिष्ट्य, ज्याकडे पर्यटनशास्त्राने अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही, ते असे की पोहण्यासाठी पाणी, चालण्यासाठी माळ आणि सायकलीसाठी मैदान अशा तीन जागा येथे शोधाव्या लागत नाहीत. पर्यटकाने एकाच जागी उभे राहून ऋतू बदलण्याची वाट पाहावी. भाद्रपदात जेथे तो पोहतो तेथेच माघात चालतो आणि वैशाखात तेथूनच सायकल हाकतो.

जलतरणाचा हंगाम धरण भरल्यापासून सुरू होतो व धरण भरल्याची वार्ता सांडव्यावरून कळते. सांडवा म्हणजे धरण पूर्ण भरल्यावर जादा पाणी सुरक्षितपणे वाहून जावे यासाठी ठेवलेली वाट. परंतु व्यवहारात ज्या ठिकाणी भुट्टे भाजणारे, सेल्फी काढणारे आणि त्या दोघांना हाकलणारा पोलीस एकत्र येतात त्या स्थळास सांडवा असे म्हणतात. तेथे पोहू नये. निळोणा किंवा चापडोह येथे तर कोठेच पोहू नये, कारण ते यवतमाळ शहराचे पिण्याचे पाणी असून त्यात सूर मारणारा नागरिक पुढे स्वतःच्याच अंघोळीचे पाणी नळाने घरी मागवीत असतो. अन्य जलाशयांत उतरण्यापूर्वी काठावरील भोई किंवा ढिवर समाजाच्या मासेमाराला विचारावे. जाळी कोठे लावली आहेत हे केवळ त्यालाच ठाऊक असते व जाळ्यात सापडलेल्या पर्यटकाला बाजारभाव नसल्यामुळे तो खरे तेच सांगतो. तरंगण्यासाठी पूर्वी पाठीला सुका भोपळा बांधीत. सांप्रत ट्रॅक्टरची ट्यूब वापरतात, आणि तिचा व्हॉल्व्ह बरगडीला टोचू नये म्हणून तो बाहेरच्या बाजूस ठेवावा, एवढे एकच तंत्र त्यात शिकण्यासारखे आहे.

एक धोका मात्र विनोदाने टाळण्यासारखा नाही. धरणाच्या बुडीत क्षेत्रात, म्हणजे पाण्याखाली गेलेल्या जमिनीत, जुनी शेते असतात, शेतांत जुन्या विहिरी असतात, आणि पाणी कमरेइतके आहे असे समजून निश्चिंत चालणाऱ्या मनुष्याच्या पायाखाली एखादी विहीर अकस्मात येऊ शकते. आल्प्समधील मार्गदर्शक पुस्तिकांत या प्रकाराचा उल्लेख सापडणार नाही, कारण तेथील सरोवरांना खातेदार नव्हते.

दिवाळीनंतर पाणी हटू लागते व पदभ्रमणाचे पर्व सुरू होते. ओसरत्या पाण्यामागे उघड्या पडलेल्या ओल्या, गाळाच्या जमिनीत जे पीक घेतात त्याला गाळपेर म्हणतात. ही जमीन भाडेपट्ट्याने दिली जाते व ती देताना ज्यांची शेते धरणात गेली त्यांना प्राधान्य असते, म्हणजे स्वतःचेच बुडालेले शेत काही महिन्यांसाठी भाड्याने परत मिळण्याची सोय शासनाने केलेली आहे. पर्यटकाने तेथील हरभऱ्यातून चालू नये, बांधाने चालावे, आणि मूठभर हरभरा विचारल्याशिवाय उपटू नये. नकाशावर निळा दाखविलेला भाग समोर हिरवा दिसल्यामुळे गोंधळून त्याने, “भाऊ, तलाव कुठं आहे?” असा प्रश्न केल्यास, “तुमी तलावातच तं उभे हा,” असे उत्तर मिळण्याची शक्यता असून ते सरकारी दृष्ट्या अचूक असते.

दीर्घ पदभ्रमणाचा जिल्ह्यातील आदर्श कोणी मनुष्य नसून एक वाघ आहे. केळापूर तालुक्यातील टिपेश्वर अभयारण्यात (क्षेत्रफळ १४८.६३ चौरस किलोमीटर) जन्मलेल्या व २०१९ साली रेडिओ कॉलर लावलेल्या एका तरुण वाघाने बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत मजल मारताना १,३०० किलोमीटरहून अधिक अंतर कापले. त्याला पुढे ‘वॉकर’ हे नाव मिळाले. त्याने हा प्रवास बूट, काठी अथवा पाण्याची बाटली यांवाचून केला, हे खरेदीच्या याद्या करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. त्या परिसरात पहाटे किंवा तिन्हीसांजेला एकट्याने चालू नये, हे सर्वांनीच ध्यानात घ्यावे.

वैशाखात पारा ४४ अंशांच्या पुढे गेला की धरणात केवळ मृतसाठा उरतो, अर्थात सर्वांत खालच्या विमोचकाच्या, म्हणजे पाणी बाहेर सोडण्याच्या द्वाराच्या, पातळीखालचे पाणी. क्वचित तोही उरत नाही. २०१८च्या उन्हाळ्यात निळोणा व चापडोह ही दोन्ही धरणे आटली आणि शहरातील लोक नळाकडे नव्हे तर टँकरच्या रस्त्याकडे डोळे लावून बसले. सायकलस्वारांनी असा हंगाम पुन्हा यावा अशी इच्छा उघडपणे बोलून दाखवू नये. तळाच्या भेगाळलेल्या मातीवर सायकल नेताना पुढचे चाक भेगेला आडवे राहील असे पाहावे, कारण काही भेगा टायरच्या मापाच्या असतात. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेखाली गाळ उपसणारे जेसीबी व तो शेतांत नेणारे ट्रॅक्टर याच मैदानावर फिरत असतात. त्यांना वाट द्यावी, ते कामावर आहेत.

पंक्चर अटळ आहे. काठावर बाभळीचे काटे आणि तळावर सराटे अशी दुहेरी व्यवस्था असल्यामुळे सोल्युशन, ठिगळ व पाना जवळ असावेत. परंतु छिद्र शोधण्यासाठी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहावे लागतात आणि ऐन सरोवराच्या मध्यभागी तेवढेही पाणी मिळत नाही, म्हणून सरोवरास जाताना पाणी घरून न्यावे.

बेंबळ्याहून यवतमाळला परतणाऱ्यासाठी आणखी एक सूचना आहे. जाताना करळगावचा घाट उताराचा असल्याने स्वतःच्या सायकलस्वारीविषयी जे अनुकूल मत बनते ते येताना टिकत नाही, व बहुतेक सायकली टेम्पोत बसूनच वर येतात. भाडे घाटाच्या पायथ्याशीच ठरवावे. दुसऱ्या वळणावर, धापा टाकीत हात केलेल्या माणसाला दर निराळा पडतो.