द्राक्षाचार्य

आमच्या कंपूत क्रिकेट कळणारा एक होता, शेअर कळणारा एक होता आणि हापूस कळणारे तर सगळेच होते. वाईन कळणारा कुणी नव्हता आणि त्यावाचून कुणाचं काही अडलंही नव्हतं. मग आमच्यातला एक जण कंपनीच्या खर्चाने आठ दिवस फ्रान्सला गेला. गेला तेव्हा बिअरच्या बाटलीचं झाकण दाताने उघडणारा साधा गृहस्थ होता. परत आला तो द्राक्षाचार्य होऊन. हे नाव आमच्यातल्या सीएने ठेवलं आणि त्याला ते पदवीसारखं आवडलं, हे विशेष.

द्राक्षाचार्य गर्दीतही ओळखू येतो. तो ग्लास दांडीला धरतो. दुसऱ्या कुणी पोटाला धरला, की देवळात चपला घालून कुणी शिरल्यावर पुजाऱ्याचा होतो तसा त्याचा चेहरा होतो. हातात काहीही द्या, तो ते आधी गरगर फिरवणार, मग त्यात नाक घालणार, मग छताकडे बघणार. आमच्या घरी जेवायला आला तेव्हा सोलकढीचं त्याने हेच केलं आणि डोळे मिटून म्हणाला, ‘‘फिनिश छान आहे.’’ माझ्या बायकोने ऐकलं ‘फिनिश’ एवढंच. तिने आणखी दोन पळ्या वाढल्या.

2022च्या जानेवारीत सरकारने सुपरमार्केटात वाईन विकू द्यायचं ठरवलं आणि वाईन म्हणजे दारू की नाही यावर अख्खा महाराष्ट्र भांडला, तेव्हा सोसायटीच्या गच्चीवर हा ‘नाही’च्या बाजूने तासभर बोलला. शेवटी गावाहून आईचा फोन आला. तेव्हा मात्र ‘‘मीटिंगमध्ये आहे’’ म्हणाला.

तर गेल्या फेब्रुवारीत हा आम्हाला नाशिकला घेऊन गेला. शनिवार-रविवार, ठाण्याहून एक इनोव्हा, सहा माणसं. आदल्या रात्री ग्रुपवर सूचना आल्या. सेंट लावायचं नाही. पान-तंबाखू बंद. सकाळी तिखट खायचं नाही, जीभ कोरी हवी. आता नाशिकला सकाळी पोहोचायचं आणि मिसळ खायची नाही, म्हणजे पंढरपुरात जाऊन कळस लांबूनच बघण्यासारखं. आम्ही पाचही जणांनी काळ्या रश्श्यावर तर्री मागितली. आचार्यांनी नुसते मोड आणि दही मागवलं, रस्सा नको म्हणाले. वाढणाऱ्या पोराने काळजीने विचारलं, ‘‘पोट बिघडलंय का काका?’’

गंगापूर धरणाच्या रस्त्याला लागल्यावर गाडीत व्याख्यान सुरू झालं. आपल्याकडे वाईनची परंपराच नाही वगैरे. मी म्हटलं, अरे, नारायणगावला शामराव चौगुल्यांनी 1980च्या दशकातच फसफसणारी वाईन करून परदेशी पाठवली होती. नारायणगाव म्हटल्यावर त्याला तमाशाच आठवला. मग गाडी ‘स्यूला’वर आली. तो ते ओठांचा चंबू करून म्हणायचा, शेवट अर्धवट गिळून. मला राहवलं नाही. राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून इथे वडिलांच्या जमिनीवर आले, वेली लावल्या, 1999 साली वाईनची कंपनी काढली आणि तिला नाव दिलं ते आईच्या नावावरून. आईचं नाव सुलभा. ‘‘सुलभाताईंची सुला रे ती,’’ मी म्हटलं. त्यानंतर पाच मिनिटं गाडीत फक्त एसीचा आवाज होता.

आम्ही गेलो ती वायनरी दुसरी, लहानशी. चव दाखवायला एक तरुण होता. आधी इंग्रजीत बोलला, मग आमचं आपसातलं ऐकून नाशकाच्या मराठीवर आला. घरची द्राक्षबाग होती त्याची, मखमलाबादकडे. आचार्यांनी खिशातून चामडी म्यानातला बूच काढायचा स्क्रू बाहेर काढून टेबलावर ठेवला, एखादा सर्जन ठेवील तसा. बूच हुंगल्याशिवाय वाईन कळत नाही, हे त्याने आम्हाला घाटातच सांगून ठेवलं होतं. पोराने बाटली हातात घेतली आणि कर्रर्र करून पत्र्याचं झाकण फिरवलं. दुसरी, तिसरी, सगळ्यांना तेच. ‘‘आता बहुतेक अशीच येतात सर,’’ पोरगा म्हणाला. तो स्क्रू त्या रात्री फरसाणाचं पाकीट फोडायला उपयोगी पडला.

पहिला घोट घेतल्यावर आचार्यांनी जाहीर केलं, की खरे जाणकार गिळत नाहीत, थुंकतात. त्यासाठी टेबलावर भांडंही होतं. आमच्यातला बँकवाला म्हणाला, ‘‘थुंकल्याबद्दल मी दंड भरलाय. थुंकायचे पैसे आधी भरायचे, हे आज बघतोय.’’ आणि त्याने आपला तर घोट गिळलाच, थोड्या वेळाने आचार्यांचा उरलेलाही संपवला. सीएची साखर वाढलेली आणि परतीला गाडी तोच चालवणार, म्हणून तो नुसता हुंगत होता. तोच सगळ्यात गंभीर दिसत होता.

सोव्हिन्याँ ब्लाँ आली. आचार्यांनी ग्लास फिरवला, नाक घातलं, छत पाहिलं. ‘‘गूजबेरी.’’

‘‘म्हणजे रायआवळा का हो?’’ वहिनींनी विचारलं. वहिनी म्हणजे त्याचीच बायको.

‘‘नाही गं. गूजबेरी वेगळी.’’

‘‘खाल्लीत कधी?’’

उत्तर आलं नाही. वहिनींनी ग्लास पोटालाच धरला, पदराशी. एकदाच वास घेतला आणि म्हणाल्या, ‘‘मला तर हिरव्या मिरचीचा देठ मोडल्यावर येतो ना, तसा येतोय. आणि मागून कच्चा पेरू.’’ त्या पोराचा चेहरा उजळला. म्हणाला, मॅडम, अगदी बरोबर, या द्राक्षात ढोबळी मिरचीतलंच द्रव्य असतं. आचार्यांनी पुन्हा नाक घातलं. बराच वेळ घातलं. माझी खात्री आहे, त्याला त्या क्षणी मिरची आली होती. पण सांगणार कसं?

शिराझवर त्याने कसर भरून काढायचं ठरवलं. ‘‘चामडं,’’ तो म्हणाला. ‘‘तंबाखू. पावसानंतरची ओली जमीन. थोडा घामही.’’

‘‘म्हणजे एसटीत शेजारी बसलेला माणूस,’’ बँकवाला म्हणाला.

मला या शब्दांचं कोडं तेव्हा जरा उलगडलं. ब्लॅककरंट आम्हाला आइस्क्रीमपुरतं ठाऊक, गूजबेरी पुस्तकापुरती. त्याला वाईन आवडत नव्हती असं नाही. पण ती आवडायला त्याला फ्रान्सची परवानगी लागायची. वहिनींनी पंचवीस वर्षं मसाले भाजलेत, फोडणी नाकाने ओळखलीय. त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही.

मग पोरगा आम्हाला वेलींत घेऊन गेला. तोडा चालू होता. वडिलांची बाग थॉमसनची, खायच्या द्राक्षांची. तिथे घड विरळायचे, मणी फुगायला जीएच्या, म्हणजे जिबरेलिक आम्लाच्या पाण्यात बुडवायचे. इथे मणी जेवढे लहान तेवढे बरे. त्याने काळ्याभोर शिराझचा एक मणी तोडला, करंगळीच्या नखाएवढा, आणि माझ्या तळहातावर दाबला. रस पाण्यासारखा निघाला, जेमतेम पिवळट. रंग सगळा सालीत. साल बोटात चोळली तर बोट जांभळं झालं, ते रात्री साबणानेही पुरतं गेलं नाही. इतक्या बाटल्या पाहून झाल्या, पण रेड वाईन लाल का असते हे मला त्या बोटावर कळलं. ‘‘अर्थात,’’ आचार्य मागून म्हणाले. त्यांनीही एक मणी तोंडात टाकला होता आणि बिया कुठे टाकाव्यात ते शोधत होते. इथे भांडं नव्हतं.

परत येताना पोरगा सहज म्हणाला, की हलक्या व्हाईट वाईन वर्ष-दोन वर्षांत पिऊन टाकाव्यात, आणि उन्हाळ्यापासून जपाव्यात. उष्णतेने खराब होतात. आम्ही सगळ्यांनी एकदम आचार्यांकडे पाहिलं. फ्रान्सहून आणलेली एक व्हाईट त्याने ठाण्याच्या घरी माळ्यावर आडवी निजवून ठेवली होती, मुलीच्या लग्नात उघडायला. मुलगी अजून दहावीत.

‘‘ती होय?’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘अहो, ती गेल्या मे महिन्यातच संपली. माळ्यावर बूच वर आलं होतं, वास यायला लागला. मी व्हिनेगर म्हणून वापरली. तुम्हाला ते चिली चिकन आवडलं होतं ना?’’

आचार्य काही बोलले नाहीत. फक्त ग्लास नसतानाही मनगट एकदा गोल फिरलं.

रविवारी निघताना त्याने सहा बाटल्यांचा खोका मधल्या सीटवर ठेवला, पट्टा लावला, एसीची झडप त्याच्याकडे वळवली आणि माझी रवानगी मागच्या सीटवर बॅगांबरोबर केली. कसारा घाटाखाली वडापावला थांबलो. भर दुपार होती. सगळे उतरले, हा उतरेना. गाडी चालू ठेवून, एसीत, खोक्यावर हात टाकून बसून राहिला. मी काचेतून कागदात बांधलेला वडापाव आत दिला. लसणीची चटणी कडेने बाहेर आली होती. त्याने सवयीने नाकाशी नेला, छताकडे पाहिलं. मी वाट पाहत होतो, आता कुठली द्राक्षं निघतात याची.

‘‘मिरची तळलेली आण दोन,’’ तो म्हणाला. ‘‘आणि कटिंग सांग. काच लाव लवकर, गरम हवा येतेय आत.’’