माझा हल्या

आपल्या प्रत्येकात एक प्राणी दडलेला असतो, तो सापडला की साधना आणि लेखणी दोन्ही धावू लागतात, असं हल्ली शिबिरांतून सांगतात. सावेडीतल्या अशाच एका शिबिरात ताईंनी आम्हाला डोळे मिटायला लावले. उघडल्यावर कळलं की कुणाला गरुड दिसला, कुणाला हंस, आणि पतसंस्थेतल्या एका वसुली अधिकाऱ्याला चक्क हरिण. मी म्हणालो, "हल्या."

"म्हणजे?"

"रेडा हो. म्हशीचा नवरा."

ताईंनी वहीत काहीतरी टिपलं आणि घाईघाईने पुढच्या माणसाकडे वळल्या.

मी नेवासे तालुक्यातला. आमच्या जिल्ह्यात पवित्र प्राण्यांची काही टंचाई नाही. शिंगणापूरला शनिदेवाचा कावळा आहे, शिर्डीला साईबाबांचा श्यामसुंदर घोडा आहे, आणि मढीच्या कानिफनाथांच्या यात्रेत तर गाढवांचा अख्खा बाजार भरतो. (लेखकांनी तिकडे जपून जावं.) पण लिहिणाऱ्या माणसाने पुजावा असा प्राणी रेडाच, या मतावर मी ठाम आहे.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. शुद्धिपत्र मागायला पैठणला गेलेल्या ज्ञानदेवांची आणि त्यांच्या भावंडांची तिथल्या शास्त्र्यांनी थट्टा मांडली. समोरून पखाल वाहणारा रेडा चालला होता, त्याचंही नाव ज्ञाना. सगळ्यांत एकच आत्मा आहे म्हणतोस, तर याच्याकडून वेद म्हणवून दाखव! ज्ञानदेवांनी डोक्यावर हात ठेवला आणि रेडा वेद म्हणू लागला. हे घरोघरी पोचवणाऱ्यांत आमच्याच जिल्ह्याचे महिपती आहेत, राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादचे कुलकर्णी. 1762 साली त्यांनी 'भक्तिविजय' पूर्ण केला. पुढे 1940 मध्ये प्रभातने 'संत ज्ञानेश्वर' चित्रपटात रेडा पडद्यावर बोलता केला आणि शंकेखोरांचीही सोय झाली.

चमत्कार खरा की खोटा, यावर आमच्या पारावर अजूनही पानतंबाखू संपते. मला त्यापुढचा भाग जास्त थक्क करतो. वेद म्हणून झाल्यावर त्या रेड्याने सत्काराची शाल मागितली नाही. 'माझी वेदयात्रा' लिहायला घेतली नाही. नवोदित रेड्यांसाठी कार्यशाळा काढली नाही. शब्द आपले नाहीत, हात दुसऱ्याचा आहे, हे त्याला पक्कं माहीत असावं. माझ्याही हातून कधीमधी एखादं बरं वाक्य उतरतं, तेव्हा मी दचकून वर बघतो. हात निघाला की पुन्हा पेंड आणि कडबा.

परंपरा सांगते की पैठणहून निघाल्यावर रेडाही भावंडांबरोबर चालत होता, आणि पुढे जुन्नर तालुक्यातल्या आळ्याला त्याने देह ठेवला. तिथे त्याची समाधी आहे, लोक हात जोडतात. वाटेत नेवासे लागतं. इथेच प्रवरेकाठी, ज्या पैस खांबाला आज माणसं मिठ्या मारतात त्याला टेकून, शके 1212 म्हणजे 1290 साली ज्ञानदेवांनी सुमारे नऊ हजार ओव्या सांगितल्या आणि सच्चिदानंदबाबांनी त्या उतरवून घेतल्या. रेडा तेव्हा जवळपास बांधलेला असणार, असा माझा हिशेब. मराठीला इतका धीराचा श्रोता पुन्हा लाभलेला नाही. आमच्या कविसंमेलनाला माणसं चहापुरती थांबतात.

सध्याच्या हल्याचे दिवस मात्र वाईट आहेत. म्हशीला पारडी झाली तर घरात पेढे, नर झाला तर दुधाच्या हिशेबात तो खर्चाच्या बाजूला. घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजारात म्हशींभोवती ही गर्दी, रुमालाखाली बोटं दाबून सौदे चाललेले, आणि कडेला एक हल्या एकटाच उभा. मी जवळ गेलो. अंगावर विरळ राठ केस, त्यांत वाळलेल्या चिखलाच्या खपल्या, काळ्या डोळ्याभोवती निळसर कड. त्याने जीभ लांब काढून आधी एक नाकपुडी साफ केली, मग दुसरी. आसपास कुणी ओळखीचं नाही असं बघून मी त्याच्या कपाळावर हात ठेवला.

"पाव्हणं, घ्यायचाय का नुसता आशीर्वाद द्यायचाय?" मालक म्हणाला.

"बघत होतो."

"दात बघा मग. कपाळात काय असतंय?"

हल्या फुरफुरला. माझ्या सदऱ्यावर त्याचा अभिप्राय उमटला. आजवर मिळालेल्या अभिप्रायांत सर्वांत ओला असला तरी सर्वांत प्रामाणिक तोच.

लिहायच्या टेबलावर एक छोटा रेडा ठेवावा म्हणून नंतर मूर्तींची दुकानं पालथी घातली. नंदी हवा तितका, हत्ती, घोडे, कासवं, घुबडंसुद्धा. शेवटी एका दुकानदाराने माळ्यावरून एक खोकं काढलं. आत रेडा होता, वर यम बसलेला.

"नुसता रेडा नाही?"

"नुसता कोण घेतो, साहेब?"

"मग यमाचे पैसे कमी करा."

"यम फुकटच आहे. पैसे रेड्याचेच लावलेत."

दोघांना घेऊन घरी आलो. पहिले दोन दिवस बायको त्या खोलीत आली नाही. आता सवय झाली आहे. दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन वाजला की ती स्वयंपाकघरातूनच विचारते, "कोणाचा आहे हो? वरच्याचा का?"