पावशेर टायटॅनियम

कैलासवासी तीर्थरूपांनी मागे ठेवलेल्या चीजवस्तूंत एक आरामखुर्ची, दोन दिवाणी दावे, साडेतीन एकर कलमांची बाग आणि एक रिव्हॉल्व्हर अशा चार गोष्टी होत्या. त्यांपैकी खुर्ची मोडली, दावे अद्याप सुरळीत चालू आहेत, बागेचा उपभोग वानरे घेतात, आणि रिव्हॉल्व्हर तेवढे, वारसाच्या दरखास्तीपासून परवान्यावर माझे नाव चढेपर्यंत जिल्हा कचेरीच्या गृह शाखेत मी घातलेल्या फेऱ्यांचे स्मारक म्हणून, कपाटाच्या चोरकप्प्यात जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले असते.

हत्यार बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट पेढीचे, .३२ बोअरचे, सहा काडतुसांचे. ते अडकित्त्याच्या रीतीने मानेत मोडते: खिटी दाबून नळी खाली वाकवली की साही काडतुसे एखाद्या आज्ञाधारक वर्गाप्रमाणे एकदम उठून उभी राहतात. तीर्थरूप जंगलाचे ठेकेदार होते व मजुरांच्या पगाराची रोकड घेऊन त्यांना घाटात रात्री-अपरात्री हिंडावे लागे, हे ते बाळगण्याचे दप्तरी कारण. उभ्या हयातीत त्यांनी ते एकदाच झाडले, आणि तेही परसातल्या नारळावर. नारळ पडला नाही. मी स्वतः चौतीस वर्षे संस्कृत शिकवले असल्यामुळे माझ्या जिवावर उठण्याचे सबळ कारण कित्येकांना असले, तरी तसा प्रयत्न आजवर कोणी केलेला नाही.

अशा निर्वैर अवस्थेत २०१४ च्या जानेवारीत वर्तमानपत्रात वाचले की, कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने ‘निर्भीक’ नावाचे नवे रिव्हॉल्व्हर काढले असून ते टायटॅनियमच्या मिश्रधातूचे आहे, त्याचे वजन अवघे पाचशे ग्रॅम आहे, ते दागिन्यांच्या पेटीसारख्या लाल मखमली डबीतून मिळते, आणि त्याची किंमत १,२२,३६० रुपये आहे. ते विशेषेकरून स्त्रियांसाठी काढले होते. दिल्लीत डिसेंबर २०१२ मध्ये एका तरुणीवर जो अत्याचार झाला त्याची आठवण त्या नावात होती, व त्या आठवणीशी थट्टा करण्याची माझी इच्छा नाही. परंतु भयभीत स्त्रीने आधी सव्वा लाख रुपये जमवावेत, मग १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये अर्ज करावा, पोलीस चौकशीची वाट पाहावी, आणि एवढे सगळे होईपर्यंत कृपा करून घराबाहेर पडू नये, अशी ही योजना आखणाऱ्या सद्गृहस्थाने रात्रीच्या बसची वाट कधी पाहिली नसावी, एवढे मत येथे नमूद करून ठेवतो.

मला मोह पडला तो निराळ्याच कारणाने. आमच्या कोकणात चार महिने पाऊस आणि बारा महिने खारा वारा; पोलादाची कोणतीही वस्तू येथे जन्मतःच गंजू लागते. वडिलांच्या हत्याराला मी दर रविवारी शिलाईच्या यंत्राचे तेल लावतो, आणि श्रावणात तर त्याची शुश्रूषा एखाद्या दमेकरी आप्ताप्रमाणे करावी लागते. टायटॅनियमला गंज चढत नाही. शिवाय ते पोलादाच्या मानाने बरेच हलके. वडिलांचे रिव्हॉल्व्हर मी किराणा मोजण्याच्या काट्यावर ठेवले तेव्हा साडेसातशे ग्रॅम भरले, म्हणजे नव्यात पाव किलोची बचत होती. संपूर्ण किंमत ह्या बचतीच्या खाती टाकली, तर हलकेपणाचा भाव ग्रॅमला चारशे नव्वद रुपये पडतो. त्या वर्षीच्या भावाने हे सोन्याहून स्वस्त आणि चांदीहून अनेक पटींनी महाग होते. आणि सोन्याहून स्वस्त मिळालेली कोणतीही वस्तू सोडू नये, असे माझ्या मनाच्या एका भागाने मला सांगितले.

मनाच्या दुसऱ्या भागाचे काम आमच्या घरी सौभाग्यवती पाहतात. “पावशेरच कमी करायचं असेल तर चिवड्यातून करा,” त्या म्हणाल्या. हे शस्त्र स्त्रियांच्या पर्समध्ये राहण्याजोगे आहे, असे मी निदर्शनास आणल्यावर त्यांनी आपली पर्स माझ्यासमोर पलंगावर उपडी केली. “ह्यात मला चष्मा सापडायला पाच मिनिटं लागतात. तेवढा वेळ तो चोर थांबणार आहे का, ते आधी विचारून या.”

तरीही मी कोल्हापुरास गेलो. तेथील बंदुकीच्या दुकानात जुने हत्यार व परवाना काचेच्या पेटीवर ठेवून निर्भीकविषयी पृच्छा केली, तेव्हा दुकानदाराने माझ्याकडे पाहिले नाही. तो फडक्याकडे पाहत होता.

“काका, हे कुणाचं?”

“वडिलांचं.”

“तुम्ही निर्भीकचं नाव सोडा. हे मला द्या. निर्भीकला पुरून वर उरतील एवढे पैसे देतो.”

मग त्याने जो खुलासा केला, तो ऐकून मला आपल्या अज्ञानाची गंमत वाटली. १९८० च्या दशकाच्या मध्यात सरकारने खासगी लोकांसाठी परदेशी हत्यारांची आयात बंद केली. तेव्हापासून देशात जी विलायती रिव्हॉल्व्हरे आहेत तेवढीच फिरत राहतात, आणि त्यांची किंमत जुन्या वाड्यातल्या सागवानी तुळईप्रमाणे दरवर्षी चढते. .३८ आणि .४५५ हे बोअर कायद्याने सामान्य नागरिकाला वर्ज्य, म्हणून .३२ ला मागणी फार. त्यातही कानपूरचे नवे हत्यार वेब्लीच्याच घराण्यातले, तेही अडकित्त्यासारखेच मोडणारे. म्हणजे मी आजोबांना मोडीत काढून नातू विकत घ्यायला सव्वाशे किलोमीटर आलो होतो. त्यात त्याने एक शास्त्रोक्त गोष्टही सांगितली: हत्यार जितके हलके, तितका गोळी सुटताना हाताला बसणारा हिसका जास्त; .३२ चे काडतूस मवाळ असल्यामुळे फारसे बिघडत नाही, पण पावशेर धातूने जे ओझे पूर्वी उचलले ते पुढे मनगटाने उचलावे लागते. अठ्ठावन्नाव्या वर्षी माझे मनगट खडूच्या हिसक्यापलीकडे कशाचेही सरावलेले नव्हते.

मी हत्यार परत फडक्यात बांधले. निर्णय मात्र अजून अधांतरीच होता, कारण उंची मालाचा मोह युक्तिवादाने जात नाही. तो जायला सरकारच लागते. मार्चच्या ५ तारखेला लोकसभेची आचारसंहिता लागू झाली आणि रीतीप्रमाणे नोटीस आली की परवानाधारकांनी हत्यारे ठाण्यात जमा करावीत. आमच्या भागात १७ एप्रिलला मतदान झाले, मतमोजणी १६ मेला. तोवर रिव्हॉल्व्हर मुद्देमाल खोलीत, गावातल्या शेतसंरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकांशेजारी. त्या काळात वानरांनी आमच्या आंब्याची मोजणी निवडणूक आयोगाहून लवकर आटोपली. १२ सप्टेंबरला विधानसभेची आचारसंहिता. पुन्हा नोटीस, पुन्हा एस.टी., पुन्हा पावती. १५ ऑक्टोबरला मतदान झाले, निकाल १९ ला लागला, व दिवाळीच्या तोंडावर मी ते घरी आणले. त्या साली चोर आला असता, तर त्याच्यावर ठाणे अंमलदाराच्या सहीची पावती रोखण्यापलीकडे मला काही करता आले नसते.

आता हिशेब मांडला. वर्षभरात हे हत्यार घरातून बाहेर पडले ते घर ते ठाणे आणि ठाणे ते घर अशा चार खेपांसाठी, व कोल्हापूरच्या एका वारीसाठी. टायटॅनियमच्या हलकेपणाचा लाभ मला मिळणार होता तो एस.टी.च्या थांब्यापर्यंतच्या अर्ध्या मैलात, आणि त्याच्या गंजविरोधी गुणाचा लाभ मुद्देमाल खोलीला. सार्वजनिक कार्यासाठी देणगी द्यायला माझी हरकत नसते, पण मुद्देमाल खोली ही संस्था माझ्या देणग्यांच्या यादीत बसत नाही.

पुढे २०२३ मध्ये कानपुरातूनच ‘प्रबल’ नावाचे आणखी एक .३२ रिव्हॉल्व्हर निघाले. त्याची चक्री बाजूला सरकते, मान मोडावी लागत नाही, आणि त्याचा पल्ला पन्नास मीटरचा सांगतात. आमच्या परसातला नारळ पंधरा मीटरवर आहे आणि तीर्थरूपांच्या काळापासून तेथेच आहे. म्हणून मी कात्रण कापले, सौभाग्यवतींनी ते डब्याच्या तळाशी घातले, आणि विषय संपला.

हे लिहीत असताना पुन्हा कुठलीशी आचारसंहिता चालू आहे. रिव्हॉल्व्हर ठाण्यात आहे, पावती कपाटाच्या दाराला आतून टाचलेली आहे, आणि धोतराचे फडके धुऊन दोरीवर वाळत घातले आहे.