भिंतीला धक्का न लावता

भाड्याच्या घरात गणपती बसवायला मालकांची ना नसते. गणपतीची तसबीर लावायला असते. मूर्ती दहा दिवसांनी मुकाट्याने घराबाहेर पडते. तसबिरीला खिळा लागतो, आणि खिळा काढला तरी भोक उरतं. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात पंखे, गीझर, ट्यूबलाइट यांची यादी असते आणि पुढे कुठेतरी भिंतींना इजा न करण्याचं कलम. इथे राहणाऱ्या माणसांच्या इजेबद्दल करार काही बोलत नाही. शिवाय तो अकरा महिन्यांचा. एवढ्याशा मुदतीत टांगायचंय काय, हा मालकांचा सवाल तसा रास्तच. मग पुढच्या वर्षी पुन्हा अकरा महिने, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. मुलगी बालवाडीतून चौथीत जाते, तरी तिची चित्रं फ्रिजच्या दारावरच असतात. मालकांची नसलेली तेवढीच एक उभी जागा घरात असते.

आपल्या पणज्यांना ही पंचाईत नव्हती. वाड्यांच्या भिंती हात-हातभर जाड. खुंट्या आणि कोनाडे त्या बांधतानाच ठेवलेले. पगडी, कंदील, छत्री, कुणाचा तरी ओला पंचा, सगळ्यांची सोय घर उभं राहण्याआधीच झालेली. पुढे रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, आणि लक्ष्मी-सरस्वती साध्यासुध्या घरांतही येऊन पोचल्या. त्या तसबिरी पार आढ्याजवळ लागायच्या, वरून दोरीने बांधलेल्या, बूड खिळ्यांवर टेकलेलं आणि माथा पुढे झुकलेला. खाली पाटावर बसलेल्या माणसाने मान वर केली की नजरेला नजर भिडे, आणि काचेवर दाराचा उजेडही चमकत नसे. आता आपण सोफ्यावर बसतो, तसबीर डोळ्यांसमोर सरळ लावतो आणि तिच्यात स्वतःचंच तोंड बघतो.

वारली घरांत तर टांगण्याचा प्रश्नच नव्हता. लग्नात सवाष्णी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. पुढे कधी भिंत सारवली की चित्र तिच्यात मुरून जातं. भिंतीला इजा नाही, खिळा नाही, चौकट नाही. आज तेच चित्र आपण प्रदर्शनातून काचेच्या चौकटीत बसवून आणतो आणि ते भिंतीवर चढवायचं कसं, या विवंचनेत महिना काढतो.

भिंतीची काळजी ही पुण्यातल्या घरमालकांचीच मक्तेदारी आहे, असं मात्र समजू नये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये विजेची उपकरणं बसवायची होती, पण भिंती विद्रूप होऊ द्यायच्या नव्हत्या. तोवरची रीत म्हणजे छिन्नीने चांगला खड्डा पाडायचा, त्यात लाकडी गुटका ठोकायचा आणि गुटक्यात स्क्रू पिळायचा. जॉन रॉलिंग्ज नावाच्या कंत्राटदाराने १९१०च्या सुमारास तागाच्या धाग्यांची एक बारीक नळी केली. छोटंसं भोक, त्यात नळी, नळीत स्क्रू. स्क्रू आत शिरेल तशी नळी फुगते आणि भिंतीला घट्ट धरते. आपला इलेक्ट्रिशियन खिशातून प्लास्टिकची गिट्टी काढून तोंडात धरतो, ती या नळीचीच नात. म्युझियमच्या चोखंदळपणातून निघालेली ही वस्तू आज दर भिंतीला भोक पाडायच्या कामी येते.

भाडेकरूच्या हाती उरते ती चिकटपट्टी. ‘भिंतीला अजिबात धक्का नाही’ असं वेष्टनावर लिहिलेलं असतं, आणि युक्ती खरोखर देखणी आहे. पट्टीचं शेपूट भिंतीला समांतर ठेवून सावकाश खाली ओढायचं. पट्टी ताणत जाते, बारीक होते आणि आपली आपण सुटते. घाईने स्वतःकडे ओढली, तर रंगाचा पापुद्रा घेऊन येते. लावण्याआधी भिंत स्पिरिटने पुसायची, पट्टी अर्धा मिनिट दाबून धरायची, वजन तासाभराने द्यायचं. घरात इतक्या शिस्तीने दुसरं काही होत असेल असं वाटत नाही.

पण पट्टी धरते रंगाला. रंग धरतो पुट्टीला, पुट्टी गिलाव्याला आणि गिलावा विटेला. या साखळीतली सगळ्यांत कच्ची कडी म्हणजे नवा भाडेकरू येण्याआधी दोन दिवसांत उरकलेला डिस्टेंपरचा हात. त्या भिंतीला टेकून उभं राहिलं, तर शर्टाच्या पाठीवर अर्धी भिंत उतरते. अशा भिंतीवरून चौकट पडते, तेव्हा पट्टी आपल्या जागी इमानाने चिकटलेली असते. फक्त ती जागाच भिंत सोडून आलेली असते. हे बहुधा पावसाळ्यात आणि रात्री तीनला घडतं. चोर शिरला म्हणून सगळे उठतात, आणि दिवाणखान्यात निसर्गचित्र पालथं पडलेलं सापडतं.

म्हणून आजोबांचा फोटो पट्टीवर टांगायला कुणी धजत नाही. जाड शिसवी चौकट, काच, वर चंदनाचा हार. ते पुस्तकांच्या कपाटावर भिंतीला टेकून बसलेत. गावाहून काकू आल्या की आधी तिकडे बघतात. “अगं, मामंजींना असं माळ्यावर काय टाकलंय?” “माळा नाही काकू, कपाट आहे. भिंतीला खिळा चालत नाही.” “मग त्या मालकांना म्हणावं, तुमच्या वडलांचा लावा. बघू चालतो का!”

तो प्रयोग मी पाहिला आहे. आमचे मालक वरच्याच मजल्यावर राहतात. स्वतःचं घर, वीस वर्षांचं कर्ज, भिंतींना गुळगुळीत प्लास्टिक पेंट. आणि वडलांचा फोटो शोकेसवर, टेकवून. भिंत काँक्रीटची ओतलेली, साधा खिळा वाकडा होतो. ड्रिल शेजाऱ्यांकडे आहे, पण दुपारी एक ते चार सोसायटीची झोप, सकाळी ऑफिस आणि रात्री आवाज नको. शिवाय स्विचबोर्डाच्या वरून वायर कुठे गेली असेल, ही धास्ती. सगळं जुळलं, तर ‘जरा डावीकडे’ की ‘जरा उजवीकडे’ यावर त्यांच्याकडे अजून एकमत व्हायचंय. आपण त्यांच्या भिंतीला भितो, ते स्वतःच्या. ज्याचं घर त्याचाही हात उचलत नसेल, तर दोष कराराच्या कलमाला कसा द्यायचा?

मला वाटतं, चूक भिंती बांधतानाच होते. बिल्डर खोलीखोलीत एसीचा पॉइंट देतो, टीव्हीचा देतो, इंटरनेटचा देतो. माणसांना टांगायला एक खुंटी देत नाही. त्याने छताखाली एक लाकडी पट्टी फिरवून दिली, तरी काम होईल. इंग्लंडातल्या जुन्या घरांत अशा पट्ट्या असत. आकडा अडकवायचा, दोरी सोडायची, भिंत शाबूत. मालकही खूश, आजोबाही मार्गी. ‘टू बीएचके, हवेशीर, खुंट्यांसह’ अशी जाहिरात कुणी दिलीच, तर मी त्याच दिवशी टोकन देईन. पार्किंग नसलं तरी चालेल.